कोळी आणि कोळीण

शनिवारी सकाळी ठाण्याहून ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, वयाने बारा वर्षांनी मोठी, त्यामुळे तिच्या फोनला माझ्याकडे 'हो ताई' हे एकच उत्तर असतं. "घरात रंगकाम काढलंय, हिला दोन दिवस तुझ्याकडे पाठवतेय. सोमवारी सायन्स टूची युनिट टेस्ट आहे. प्राण्यांचं वर्गीकरण तेवढं घोकून घे तिच्याकडून. तू इंजिनीअर आहेस ना!"

इंजिनीअर असण्याचा आणि गोलकृमींचा काय संबंध, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. वीकांताचा प्लॅन (म्हणजे झोप) गुंडाळला आणि भाचीबाईंना घ्यायला डोंबिवली स्टेशनवर गेलो.

संध्याकाळी पुस्तक उघडलं. भाचीने श्वास घेतला आणि एका दमात सुरू केलं. "रंध्रीय, सिलेंटेराटा, चपटे कृमी, गोलकृमी, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी, अर्धसमपृष्ठरज्जू, समपृष्ठरज्जू." अगदी 'ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण' म्हणावं तसं. मग प्रत्येक संघाची लक्षणं. सममिती अरीय की द्विपार्श्व, देहगुहा खरी की आभासी, जननस्तर दोन की तीन. सगळं पाठ. मी मधूनच विचारलं, "देहगुहा म्हणजे काय गं?"

"ते परीक्षेत येत नाही."

यावर मी काय बोलणार? दहावीत मीही हेच केलं होतं. अकरावीला बायोलॉजी सोडलं आणि इलेक्ट्रॉनिक्स घेतलं. कारण दोन होती. एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स स्कोअरिंग असतं. आणि दुसरं, बायो म्हणजे नुसतं पाठांतर, त्यात डोकं लागत नाही, असं माझं अत्यंत ठाम मत होतं. वर्गीकरण म्हणजे तर पाठांतराचा कळस. कोणीतरी कपाटात कप्पे केलेत, आपण फक्त कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय ते लक्षात ठेवायचं.

"मामा, तू बायो का सोडलंस?" हा प्रश्न तेव्हाच आला. मी तेच उत्तर दिलं. भाचीने मान डोलावली. "मीपण सोडणारे. आई म्हणते तू सोडलंस आणि चांगलं झालं तुझं."

मला जरा कसंतरीच झालं. कारण गेल्या तीनेक वर्षांत, आधी लॉकडाऊनची सवय म्हणून आणि मग व्यसन म्हणून, मी रात्री जालावर जे काय वाचत बसतो त्यात निम्मं हेच असतं. कोण कुणाचा नातेवाईक, हे कसं ठरवलं, आधी काय समजत होते, मग कुठे फजिती झाली. ज्याच्यात डोकं लागत नाही म्हणून मी पळालो, त्यात दोनशे-अडीचशे वर्षं भली भली डोकी लागली होती आणि अजून लागताहेत. पण हे शनिवारी रात्री साडेनऊला पंधरा वर्षांच्या मुलीला कसं सांगणार? म्हटलं, उद्या सकाळी लवकर उठ, बाजारात जायचंय.

डोंबिवली म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं की इथे सगळे वरणभात आणि तूप. त्यांनी रविवारी सकाळी पश्चिमेला येऊन बघावं. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी साडेआठला बसतात आणि अकराला टोपली रिकामी करून जातात. त्या कोळीण. मला 'दादा' म्हणतात आणि दादाला काहीही कळत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

भाचीला म्हटलं, "आता सांग, या टोपलीत संघ किती?"

"मासे म्हणजे समपृष्ठरज्जू. एक."

"नीट बघ."

पापलेट, बांगडा, बोंबील, मुशी. हे एका बाजूला. पाठीत कणा, म्हणजे तुमच्याआमच्याच संघातले. शेजारी कोळंबी आणि जवळा, मागे दोरीने बांधलेल्या चिंबोऱ्या. हे संधिपाद, पायाला सांधे असलेले. आणि कडेला तिसऱ्यांचा वाटा आणि माकूल. हे दोन्ही मृदुकाय. एका टोपलीत तीन संघ! आणि या तिन्ही संघांचे वंश एकमेकांपासून वेगळे झाले त्याला पन्नास कोटींहून जास्त वर्षं झाली. पापलेट आणि कोळंबी एकमेकांना जितकी दूरची आहेत, तितकीच दूरची कोळंबी तुम्हाला आहे. मासळी म्हणून एका ताटात येतात, एवढाच त्यांचा संबंध.

भाचीला माकूल पटेना. तिसरी म्हणजे दोन शिंपल्यांत बंद, डोकं नाही, डोळे नाहीत. माकूल म्हणजे हे मोठे डोळे, हात, शाई. "हे दोघं एकाच संघात? काहीही!" मावशींनी तेवढ्यात कुणाचं तरी माकूल साफ करायला घेतलं होतं. आतून त्यांनी ती पारदर्शक काडी ओढून काढली. बघितली असेल तुम्ही, अगदी प्लास्टिकची वाटते. ते त्याचं कवच. शिंपल्याचं जे कवच बाहेर असतं ते याच्यात आत गेलं आणि झिजून झिजून एवढंच उरलं. याच्या एका भाईबंदाचं जरा जाड असतं, पांढरं. ते काष्ठौषधीच्या दुकानात 'समुद्रफेस' म्हणून मिळतं.

मावशींना विचारलं, की तुम्ही यांचे प्रकार कसे करता? त्या हसल्या. "परकार कसले? काट्याची, बिनकाट्याची, कवटीची. ओली नि सुकी. दादा, घेनार का निस्ता बघनार?"

मला हे वर्गीकरण मनापासून आवडतं. कामाचं आहे. खाणाऱ्याच्या घशात काटा अडकू नये हा त्यामागचा विचार आहे. आणि ज्याला आपण वर्गीकरणाचा जनक म्हणतो, त्या लिनियसचं काही याहून फार वेगळं नव्हतं. 1758 च्या त्याच्या 'सिस्टिमा नॅचुरे'च्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांचे सहा वर्ग आहेत. सस्तन, पक्षी, उभयचर, मासे, कीटक आणि कृमी. मुशी त्याने उभयचरांत बेडकाशेजारी टाकलीय. चिंबोरी आणि कोळी कीटकांत. आणि माकूल, तिसऱ्या, गांडूळ, तारामासा, जंत हे सगळे कृमी! आमच्या प्रोजेक्टमध्ये एक 'मिसलेनियस' नावाचं फोल्डर आहे. ज्याचं कुठे टाकायचं कळत नाही ते तिकडे. लिनियसचं 'कृमी' म्हणजे तेच. मुशीच्या बाबतीत आमच्या मावशी लिनियसच्या पुढे आहेत, त्यांनी तिला कधी बेडूक म्हटलेलं नाही.

चिंबोरी घ्यायची ठरली. मी एक उचलली, चांगली मोठी. मावशींनी हातातून काढून घेतली. "ती नको. पोकळ हाय." मग पाठ दाबून दाखवली. थोडी दबत होती. "नवीन कवटी घातलेय तिनं. आत पानी निस्तं. ही घे, जड हाय." आणि वर, अवसेची चिंबोरी भरलेली आणि पुनवेची पोकळ, हेही सांगितलं. चंद्राचं मावशी जाणोत, पण पोकळीचं कारण अगदी बरोबर. चिंबोरीचं कवच वाढत नाही, त्यामुळे मोठं व्हायचं तर जुनं फोडून बाहेर यावं लागतं. बाहेर आली की ती पाणी पिऊन फुगते, नवं कवच त्या मापाचं कडक होतं आणि मग हळूहळू आत मांस भरतं. म्हणजे आपण मापापेक्षा दोन नंबर मोठा शर्ट घ्यावा तसं. ही मधल्या दिवसातली चिंबोरी घेतली की पैसे पाण्यात. शब्दशः.

हे पोकळ चिंबोरीचं डोक्यात ठेवा. पुढे लागणार आहे.

घरी येऊन कोळंबी सोलायला बसलो. भाची हौशी आहे, स्वतः करते म्हणाली. पाठीतला काळा धागा ओढून काढला आणि विचारलं, "हा तिचा पृष्ठरज्जू ना?"

चूक, पण काय सुंदर चूक! तो धागा म्हणजे आतडं. कोळंबीला कणा नाही. तिचा चेतारज्जू पोटाच्या बाजूने जातो आणि हृदय पाठीच्या बाजूला असतं. आपलं बरोब्बर उलट. आपला पाठीशी, आणि हृदय पुढे.

याच्यावरून पॅरिसमध्ये मोठा राडा झाला होता. 1822 मध्ये झोफ्रॉय सेंत-इलेर नावाच्या प्राणीशास्त्रज्ञाने एक शेवंड चिरून उताणी ठेवली आणि म्हणाला, आता बघा, हिची आतली मांडणी आपल्यासारखी दिसते. चेतारज्जू वर, मग आतडं, मग हृदय. म्हणजे सगळे प्राणी एकाच आराखड्याचे आहेत, कोणीतरी कधीतरी उलटं झालंय एवढंच. त्याचा सहकारी क्यूव्हिए हा त्या काळचा या विषयातला बाप माणूस. त्याने प्राण्यांच्या चार स्वतंत्र शाखा पाडल्या होत्या आणि एका शाखेचा दुसरीशी काही संबंध नाही असं त्याचं म्हणणं. 1830 मध्ये दोघांची अकादमीत जाहीर जुंपली. निमित्त काय, तर माकूल! माकुलाची रचना पाठीत दुमडलेल्या कणावाल्या प्राण्यासारखी आहे असा कुणीतरी निबंध पाठवला होता, आणि झोफ्रॉयने तो उचलून धरला. क्यूव्हिएने आकृत्या काढून त्याच्या चिंधड्या उडवल्या. झोफ्रॉय हरला, असंच सगळ्यांनी धरलं.

आणि मग 1990 च्या दशकात गर्भातली पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवणारी जनुकं सापडली. माशीत आणि बेडकात तीच जनुकं. फक्त माशीत जे पोटाकडे चालतं ते बेडकात पाठीकडे. उलटं! माकुलाच्या बाबतीत क्यूव्हिए बरोबर होता, पण उताण्या शेवंडीच्या बाबतीत झोफ्रॉयला पावणेदोनशे वर्षांनी पास करावं लागलं. हे सांगेपर्यंत कोळंबी अर्धीच सोलून झाली होती हे कबूल करतो.

मग हात धुवायला म्हणून बाल्कनीत गेलेली भाची ओरडली. "मामा, इथे कोळी मेलाय!"

ग्रिलच्या कोपऱ्यात पांढरट रेशमी पिशवीसारखं काहीतरी होतं आणि त्यात एक कोळी. आठही पाय जागच्या जागी, पण फुंकर मारली तर हलतोय. आरपार उजेड दिसत होता. मी तो काडीने अलगद काढला. वजनच नाही. पाठीकडचं झाकण उघडं.

"मेला नाहीये. कात टाकून गेलाय."

"कोळी पण कात टाकतो?"

"सकाळी मावशींनी काय दाखवलं?"

दोन सेकंद गेले. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते बघण्यासाठी मी आणखी चार वीकांत घालवायला तयार आहे. "पोकळ चिंबोरी!"

तर मंडळी, मराठीत कोळी म्हणजे जाळं टाकून मासे पकडणाराही आणि जाळं विणून किडे पकडणाराही. पण आमच्या ग्रिलवरचा कोळी मावशींचा नव्हे, त्यांच्या चिंबोरीचा नातेवाईक. दोघंही संधिपाद. दोघांचं कवच अंगाबाहेर. दोघांनाही वाढायचं तर ते फोडावं लागतं. कोळी कीटक नव्हे हे सगळ्यांना माहीत असतं. कीटकांना सहा पाय, याला आठ. कीटकांना मिशांची एक जोडी, चिंबोरीला दोन, आणि कोळ्याला मिशाच नाहीत. खरी गंमत पुढे आहे. मिशा मोजून वाटेल की कीटक वेगळे, चिंबोरी-कोळंबी वेगळ्या. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जनुकं ताडून पाहिल्यावर दिसलं की कीटकांचा उगमच कोळंबी-चिंबोरीच्या घराण्यातून झालाय. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातलं झुरळ हे कोळंबीचं जमिनीवर राहायला आलेलं चुलत भावंड आहे. (जेवणाआधी हे सांगू नये. मी सांगितलं.)

"पण पुस्तकात हे कुठेय?" भाची म्हणाली. योग्य प्रश्न. इथे मला 'संघ' या शब्दाबद्दल माझी जुनी तक्रार सांगायची आहे. संघ म्हटलं की आपल्याला काय वाटतं? क्रिकेटचा संघ. निवड समितीने बसून केलेला. तू इकडे, तू तिकडे. मूळ शब्द 'फायलम' हा 1866 मध्ये हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने रूढ केला, तो ग्रीक 'फायलॉन'वरून. त्याचा अर्थ जमात, वंश. म्हणजे निवडलेले नव्हे, जन्माने एकत्र असलेले. आपल्याकडे 'कुल' हा शब्द खाली कुठेतरी फॅमिलीसाठी वापरून टाकला, आणि जिथे वंशाचा मुद्दा सगळ्यात ठळक हवा तिथे संघ आला. मग पोरांना वाटतं की हे कपाटाचे कप्पे आहेत. मलाही वाटलं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे ती यादी. ठाणे-कळवा-मुंब्रा करत म्हटलं की वाटतं ही एकच लाइन आहे, रंध्रीय हे पहिलं स्टेशन आणि आपण समपृष्ठरज्जू म्हणजे शेवटचं. तसं नाहीये. इथे कल्याण आहे. फाटा फुटतो. एक रस्ता कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. कसाऱ्याच्या रस्त्यावर आपण, आणि आपल्याच गाडीत तारामासा. हो, कंटकचर्मी! दिसायला काही म्हणजे काही साम्य नाही, पण तो चिंबोरीपेक्षा आपल्याला जवळचा. बाकी टोपलीतले सगळे कर्जतच्या गाडीत. आणि कर्जतला पुन्हा फाटा. एक खोपोलीकडे, एक लोणावळ्याकडे.

या दुसऱ्या फाट्यावर खरी मारामारी झाली. गांडूळ घ्या आणि गोम घ्या. दोन्ही लांब, दोघांच्याही अंगावर वळ्या. क्यूव्हिएपासून पुढे पावणेदोनशे वर्षं बहुतेकांचं मत हेच की वलयी आणि संधिपाद हे सख्खे भाऊ. उघडच दिसतंय, यात विचारायचं काय? आणि 1997 मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला. त्यांनी सगळ्या प्राण्यांत असणारं एक जनुक घेऊन ताडून बघितलं, आणि गोमेच्या शेजारी गांडूळ आलंच नाही. आला गोलकृमी! साधा, गुळगुळीत, एकही वळी नसलेला जंत. संधिपाद आणि गोलकृमी यांच्यात काय सारखं आहे म्हणून बघितलं, तर दोघंही कात टाकतात. त्या गटाचं नावच त्यांनी 'एक्डिसोझोआ' ठेवलं, म्हणजे कात टाकणारे. आणि गांडूळ गेलं लोणावळ्याच्या गाडीत, तिसऱ्या आणि माकुलासोबत.

म्हणजे मावशी ज्या खुणेवरून पोकळ चिंबोरी बाजूला काढतात, तीच खूण निघाली.

"पण जनुकावरून कसं कळतं?" हे तिला सांगायला मला माझं इंजिनीअरिंग अखेर उपयोगी पडलं. सबमिशनच्या आदल्या रात्री एकाचं जर्नल सगळा वर्ग छापतो. शीट्स तर काचेखाली दिवा लावून, जीटी मारून. मूळ कुणाचं आणि कुणी कुणाचं छापलं हे सरांना कसं कळतं? अक्षरावरून नाही. दोघांचं अक्षर योगायोगाने सारखं असू शकतं. उत्तर बरोबर आहे यावरूनही नाही, बरोबर उत्तर तर सगळ्यांचंच सारखं असणार. कळतं ते चुकांवरून. चार जर्नल्समध्ये एकच विचित्र चूक सापडली, तर ती चारही एकाच जर्नलवरून उतरली आहेत. त्यातल्या दोघांतच आणखी एक चूक असेल, तर त्या दोघांनी नंतर आपसात छापलंय. जनुकं पिढ्यान् पिढ्या अशीच छापली जातात, आणि चुका राहतात. अंगावरच्या वळ्या हे अक्षर आहे. ते फसवू शकतं. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या फ्लेमिंगोचे लांब पाय बघून त्याला करकोच्याच्या शेजारी बसवायचे, आणि जनुकांनी सांगितलं की त्याची सगळ्यात जवळची नातलग टिबुकली. ती तळ्यात बुड्या मारणारी मूठभर टिबुकली!

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे हे अजून बदलू शकतं?"

"वरचे मजले तर बदलतच असतात. आपण पाच सृष्टी शिकतो त्या व्हिटेकरने 1969 मध्ये मांडल्या, 1990 मध्ये वूझ आणि मंडळींनी त्याच्यावर तीन अधिक्षेत्रं आणून ठेवली. श्रावणात मटणाऐवजी आपण मशरूम खातो, तेही वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळचं निघालं."

"मग पाठ कशाला करायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हटलं, सोमवारच्या पेपरसाठी कर.

एवढ्यात तो स्वतः आला. कात टाकून गेलेला, किंवा त्याचा कुणी भाऊबंद. नखाएवढासुद्धा नाही. जाळं विणून वाट बघत बसणारा नव्हे, उडी मारून शिकार करणारा. समोर दोन टपोरे डोळे, एकूण आठ, आणि आपण हललो की वळून आपल्याकडे बघतो. असे उडी मारणारे कोळी हे कोळ्यांचं सगळ्यात मोठं कुल, जगात सहा हजारांहून जास्त जाती. पायांचे मुख्य सांधे सरळ करायला त्याच्याकडे स्नायू नसतात, अंगातल्या द्रवाचा दाब वाढवून तो पाय झटकन लांब करतो. जेसीबीचं हायड्रॉलिक, तसं.

मी तिला सांगितलं की यांच्यातल्याच एका जातीला आपल्या इथलं नाव आहे. 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून उडी मारणाऱ्या कोळ्याची एक नवीन जात शास्त्रज्ञांनी नोंदवली. नाव ठेवलं 'इसियस तुकारामी'. तुकाराम ओंबळे यांच्यावरून. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीला फक्त लाठी हातात असताना ज्यांनी कसाबची बंदूक पकडून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि सोडली नाही, ते सहायक उपनिरीक्षक ओंबळे. मरणोत्तर अशोकचक्र. भाचीचा जन्म त्यानंतरचा, तिने हे नाव पुस्तकात वाचलेलं. ती कोळ्याकडे बघत राहिली.

"हा तोच आहे?"

"नाही सांगता येत. हे असे सारखे दिसणारे खूप असतात. जात ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली बारीक अवयव बघावे लागतात, नराच्या तोंडाजवळच्या त्या छोट्या हातांची घडण वगैरे."

"पण असू शकतो."

"असू शकतो. किंवा अजून कुणी नावच न दिलेला असू शकतो." हे मी काही तिला खूश करायला बोललो नाही. इतकी सारी माणसं ज्या रेल्वेच्या दोन्ही बाजूंना राहतात, त्या पट्ट्यात 2021 सालापर्यंत एक प्राणी बिननावाचा फिरत होता. आमच्या बिल्डिंगमागे चार वर्षांपूर्वी गवताळ मोकळी जागा होती, आता तिथे तेवीस मजले उभे आहेत. त्या गवतात कोण कोण होतं याची यादी कुणीच केली नाही. मीही नाही, आणि मी रोज चहा पीत तिकडेच बघत उभा असायचो.

नावाचे नियमही तिला आवडले. पुरुषाच्या नावाला शेवटी 'ई' लावायची, लॅटिनमधली षष्ठी म्हणून. तुकारामाचा तो तुकारामी. आणि उद्या कुणी म्हणालं की हा 'इसियस' प्रजातीतला नाही, दुसऱ्या प्रजातीतला आहे, तर पुढचा शब्द बदलेल. 'तुकारामी' तसंच राहील.

दुपारी चिंबोरीचा रस्सा आणि कोळंबी. झुरळाचा विषय जेवताना पुन्हा निघाला, त्याला मीच जबाबदार. संध्याकाळी तिला परत सोडायला गेलो तेव्हा ती कात तिने इअरबड्सच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवली होती. बायोचं काय करणार हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलंही नाही. लोकलमध्ये मात्र मुंब्र्याजवळ खाडी दिसायला लागली तशी डबी उघडून दोनदा बघितली.

रात्री ताईचा फोन. "धडा झाला म्हणते, बरं झालं. पण हा डबीत मेलेला कोळी कशाला पाठवलायस?"

"मेलेला नाहीये तो, ताई."

"मग?"

मागून भाचीचा आवाज आला, "आई थांब, मी सांगते तुला. तू पोकळ चिंबोरी कधी घेतलीयस का?"